घरच्या सरावासाठी हवा भरायची जिम्नॅस्टिक्स मॅट कशी निवडावी

मुलांना जिम्नॅस्टिक्सला घातलं की काही महिन्यांतच घरात कार्टव्हील आणि कोलांट्या उड्या सुरू होतात. खाली टाइल्स किंवा कोटा फरशी असते, त्यामुळे बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो आणि मॅटचा शोध सुरू होतो. हवा भरायची मॅट, म्हणजे एअर ट्रॅक, सरावाला खरोखर चांगली. मनगटांवरचा आणि घोट्यांवरचा मार कमी होतो, आणि सराव संपला की गुंडाळून ठेवता येते. मात्र ती पडण्यासाठीची गादी नाही. फोमची जाड क्रॅश मॅट पडणाऱ्याचा जोर जिरवते. एअर ट्रॅक तोच जोर परत वर देते. पाय वेडावाकडा पडला तर मूल उसळून बाहेर जाऊ शकतं.

म्हणून सगळ्यात आधी टेप घेऊन हॉल मोजा. 3 मीटरची मॅट म्हणजे साधारण 10 फूट, 4 मीटरची 13 फूट, 6 मीटरची जवळजवळ 20 फूट. दोन्ही टोकांना निदान तीन-चार फूट मोकळे हवेत. सोफा, टीव्हीचं टेबल, दिवाणाचा कोपरा यांपासूनही अंतर हवं. मग वर बघा. 20 सेंटिमीटर जाडीची मॅट मुलाला आठ इंच उचलते, त्यात उडी आणि वर ताणलेले हात. पंखा त्या टप्प्यात येत असेल तर मॅटची जागा बदला.

यानंतर कोचना विचारा की मूल सध्या नेमकं काय करतंय. नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात जात असो की वस्तीतल्या क्लासला, हा प्रश्न विचारायचाच. हँडस्टँड, कार्टव्हील, चक्रासनातून वॉकओव्हर (एकेक पाय वरून नेत उभं राहणं), एवढंच असेल तर 3 मीटर लांब आणि 10 सेंटिमीटर जाड मॅट पुरते. राउंड ऑफला (कार्टव्हीलसारखंच, पण शेवटी दोन्ही पाय एकत्र टेकतात) जोडून बॅक हँडस्प्रिंग (मागे हातांवर जाऊन पुन्हा पायांवर येणारी उडी) करायचं असेल तर 5-6 मीटर लागतात, आणि तेवढी जागा बहुतेक फ्लॅटमध्ये नसते. अशा वेळी छोटी मॅट घेऊन तो सराव क्लासलाच ठेवा. नवीन उडी घरी शिकवू नका. घरी फक्त येत असलेलंच घोटायचं. रुंदी 1 मीटर सर्रास मिळते, पण नवशिक्याचं कार्टव्हील तिरकं जातं. जागा असेल तर 2 मीटर घ्या.

जाड म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज सोडा. 20 सेंटिमीटरची मॅट जास्त उसळते. लहान, हलक्या मुलाला ती आवरत नाही. मोठ्या, वजनदार मुलांसाठी मात्र तीच बरी.

मॅटच्या आत वरचा आणि खालचा थर जोडणारे असंख्य धागे असतात. त्यांच्यामुळेच हवा भरल्यावर पृष्ठभाग सपाट राहतो. विकणाऱ्याला हे धागे आहेत का ते स्पष्ट विचारा. नसतील तर मॅट मध्ये फुगते आणि पाय घसरतो. कडेचे जोड नुसते चिकटवलेले आहेत की उष्णतेने सांधलेले, हेही विचारा. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, नागपूरचा पारा 45 अंशांच्या पुढेही जातो, गच्चीवरचा स्लॅब त्याहून तापतो. सकाळी घट्ट भरलेली मॅट दुपारी गच्चीवर राहिली की कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो, डिंक मऊ पडतो आणि जोड सुटतो. उन्हाळ्यात मॅट घरातच वापरा, आणि वापर झाला की थोडी हवा सोडा.

कूलरचंही एक आहे. हॉलमध्ये कूलर चालू असताना ओलाव्याने मॅट निसरडी होते. सरावाआधी तळहात फिरवून बघा. दमट लागली तर कोरड्या फडक्याने पुसा आणि मूल अनवाणीच उतरवा.

पंप विजेचा घ्या, हातपंपाने मोठी मॅट भरताना दम निघतो. पंपाची पिन आपल्या बोर्डात बसते का, सुटे पॅच आणि व्हॉल्व्हची किल्ली सोबत येते का, ते आधीच पाहा.

मॅट घरी आली की परत करण्याची मुदत संपायच्या आत तपासा. फरशी झाडून घ्या, खडा राहिला तर खालून भोक पडतं. हवा भरा आणि स्वतः मधोमध उभे राहा. पायाखाली फरशी लागली तर हवा कमी आहे. मग साबणाचं पाणी जोडांवर आणि व्हॉल्व्हभोवती लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. रात्रभर भरलेली ठेवून सकाळी पुन्हा उभे राहून पाहा. रात्री गारवा वाढल्याने थोडी सैल लागेल, ते चालतं. पण पाय फरशीला टेकत असेल तर पॅच लावत बसू नका, सरळ परत पाठवा.