पीएसआय, बार, किलोपास्कल: दाबाची एककं बदलताना या चुका टाळा

दाबाचं एकक बदलताना चुकलेलं उत्तर सहसा कसंही चुकत नाही. ते ठरावीक पटीनं चुकतं, आणि चूक कुठे झाली ते त्या पटीवरूनच कळतं. त्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत, तर पुन्हा गणित मांडण्याआधी मोठ्याला लहानानं भागून बघा.

अडीच पट आलं? मग इंचाचा वर्ग करायचा राहून गेला. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावरचा पौंडांचा भार. ३२ पीएसआयमधले ३२ पौंड म्हणजे १४.५ किलो, इथवर सगळ्यांचं बरोबर येतं. पुढे घाईत २.५४ नं भागलं जातं आणि ५.७ हाती येतात. भागायचं असतं ६.४५ नं, कारण एका चौरस इंचात तेवढे चौरस सेंटीमीटर असतात. खरं उत्तर २.२५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर.

फरक जेमतेम २ टक्के असेल, तर तुम्ही 'किलो' (म्हणजे किलो प्रति चौरस सेंटीमीटर) आणि बार एकच धरलेत. एक किलो म्हणजे ०.९८ बार. टायरमध्ये हवा भरताना हे खपतं, गेज (दाब मोजायचं उपकरण) तपासताना नाही. बरोबर १० पट असेल तर बार आणि मेगापास्कलची अदलाबदल झाली. आणि ४७-४८ पट? पीएसआयचे किलोपास्कल करताना ६.८९५ नं गुणायच्या ऐवजी भागलंत.

एक चूक मात्र पटीत सापडत नाही. दोन्ही आकड्यांत प्रत्येक वेळी साधारण १४.७ पीएसआय, म्हणजे १०१ किलोपास्कलचा फरक दिसत असेल, तर एक गेज दाब आहे (वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त ते सांगणारा) आणि दुसरा निरपेक्ष दाब (वातावरणाचा दाब धरून एकूण). (उंचावरच्या ठिकाणी हा फरक कमी भरतो, कारण तिथे हवेचा दाबच कमी असतो.) एककं अचूक बदलूनही हा घोळ तसाच राहतो. वायूच्या गणितात तो चांगलाच महागात पडतो: गेजवर ३० चे ६० पीएसआय झाले म्हणून दाब दुप्पट झाला असं नाही. १४.७ मिळवून खरे आकडे ४४.७ आणि ७४.७, म्हणजे वाढ १.६७ पट. याउलट फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब वजा करताना वातावरणाचा दाब आपोआप कटतो. तिथे काहीही मिळवू नका.

राहिलं पूर्णांकन. १०० पीएसआयचे ६८९.४७६ किलोपास्कल लिहिणं म्हणजे गेजला नसलेली अचूकता बहाल करणं. काटा दोन पीएसआय इकडेतिकडे दाखवत असेल, तर ६९० पुरेत. पण कमाल मर्यादेचा आकडा जवळच्या गोल संख्येवर नेऊ नका. १० बार म्हणजे १४५ पीएसआय. '१५० धरू' म्हटलंत, तर १० बारसाठी बनवलेल्या जोडणीवर ५ पीएसआय जास्त चढवलेत.