भरलेली जुनी हार्ड डिस्क मोठ्या डिस्कवर कशी उतरवावी

चवथीच्या आठवडाभर आधी मामांचा फोन. "कॉम्प्युटर चालू होतो रे, पण काहीच सेव्ह करू देत नाही." फोंड्याला जाऊन पाहिलं तर ५०० जीबीच्या डिस्कवर जेमतेम ३ जीबी शिल्लक. बाकी सगळी जत्रांतल्या नाटकांची रेकॉर्डिंग्ज आणि दुकानाचा टॅलीतला हिशेब. नुसत्या फायली हलवल्या असत्या तर विंडोज, टॅली, मराठी फॉन्ट सगळं नव्याने बसवत बसावं लागलं असतं. क्लोन केला की डिस्क आहे तशीच्या तशी उतरते.

नवी डिस्क आम्ही २ टीबीची घेतली. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर विभागणीच्या डिस्कवर साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. मामांचं मशीन जुनं, त्यामुळे ४ टीबीचा मोह टाळला. (१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. दुकानदाराशी भांडू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.)

आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम पुरतो. त्यात निळ्याऐवजी पिवळा किंवा लाल रंग दिसला, तर क्लोनच्या आधी महत्त्वाच्या फायली तेवढ्या बाहेर काढा. डिस्क ठीक असेल तर चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका तपासणारी विंडोजमधली सोय) चालवा, बिटलॉकर (विंडोजने डिस्कला लावलेलं सांकेतिक कुलूप) असेल तर काढा आणि शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि क्लोनझिला, म्हणजे डिस्कची नक्कल उतरवणारा प्रोग्रॅम, अडून बसतो.

क्लोनझिला पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू करायचं. डेस्कटॉप असेल तर दोन्ही डिस्का आतच साटा केबलने जोडा. लॅपटॉपला साटा-यूएसबी केबल लागते. डेस्कटॉपची मोठी डिस्क त्या केबलने जोडणार असाल तर तिला वेगळा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर हवाच.

आता 'डिव्हाइस-डिव्हाइस' निवडा, मग डिस्क ते डिस्क. घात होतो तो इथे. पडद्यावर 'एसडीए' आणि 'एसडीबी' अशी कोरडी नावं येतात, आणि कोणती कुठली हे जोडणीवर ठरतं. मी एकदा सारख्याच आकाराच्या दोन डिस्कांत गल्लत केली आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली. तेव्हापासून मी डिस्कवरचा सीरियल नंबर चिकटपट्टीवर लिहून 'जुनी', 'नवी' असं चिकटवतो आणि पडद्यावरच्या नंबराशी ताडून पाहतो. क्लोनझिला दोनदा विचारतो. दोन्ही वेळा घाई न करता वाचा.

मामांच्या डिस्कला दोन तासांच्या वर लागले. पावसात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून मशीन यूपीएसवर असू द्या. गडगडाट सुरू असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

झालं की मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा आणि तिच्या जागी नवी बसवा. दोन्ही जोडून विंडोज चालू करू नका. दोघींची ओळख एकच असल्यामुळे विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं.

सी ड्राइव्ह अजून जुन्याच आकाराचा दिसेल, ते साहजिक आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुसट असेल तर बहुतेक मध्ये रिकव्हरीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा राखलेला भाग) आडवं आलेलं असतं. जीपार्टेड नावाच्या प्रोग्रॅमने ते सरकवता येतं, पण मी ती खटपट केली नाही. उरलेल्या जागेचा नवा ड्राइव्ह केला आणि सगळी नाटकं तिकडे हलवली.

जुनी डिस्क निदान महिनाभर फॉरमॅट करू नका. गोव्याची दमट हवा लक्षात घेऊन, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर तारीख घाला.