किनोव्यावरची करडी बुरशी: फुलोऱ्याआधी करायची तयारी

किनोवा हे राजगिऱ्यासारखं बारीक दाण्यांचं पीक. त्याची कणसं भरू लागल्यावर तयारीला वेळ मिळत नाही, म्हणून ही कामं पीक फुलोऱ्यात यायच्या आत उरका. आधी सामान जमवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग, प्लॅस्टिकच्या पिशव्या, टिपकागद, धारदार कात्री आणि ती पुसायला स्पिरिट. नोंदवही असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. भिंगाला मात्र पर्याय नाही.

कारण खरी गफलत ओळखण्यातच होते. किनोव्यावर केवडा (डाउनी मिल्ड्यू) हा वेगळा रोगही सर्रास येतो, त्यामुळे राखाडी काही दिसलं की केवडाच असणार असं धरून फवारणी सुरू होते. केवड्यात पानाच्या वरच्या अंगाला फिकट पिवळे, कधी गुलाबीसर डाग पडतात आणि पान उलटून पाहिलं तर त्याच डागाखाली करडी-जांभळट लव दिसते. करड्या बुरशीसाठी, म्हणजे बोट्रायटिससाठी, खोड आणि कणीस तपासा. खोडावर गडद कडेचा, वेडावाकडा तपकिरी चट्टा पडतो, मधून राखाडी होत जातो आणि हवा दमट राहिली की त्यावर धुरकट लव चढते. चट्ट्याने खोडाला वेढा घातला की वरचा भाग सुकतो. भिंगातून पाहिलं तर या लवेच्या बारीक फांद्यांच्या टोकांना द्राक्षाच्या घडासारखे बीजाणूंचे, म्हणजे बुरशी पसरवणाऱ्या सूक्ष्म कणांचे, झुपके दिसतात. रोगट कणीस हलवून बघायचा मोह टाळा, एका टिचकीने बीजाणूंचा धुरळा शेजारच्या झाडांवर बसतो. आधी पिशवी चढवा, मग कापा.

तरीही शंका उरली तर संशयित तुकडा ओलसर टिपकागदासोबत पिशवीत बंद करून सावलीत ठेवा. बोट्रायटिस असेल तर दोन-तीन दिवसांत करडी लव उगवते. एवढा खटाटोप वाया जात नाही, कारण केवड्यावर चालणारं मेटॅलॅक्झिल हे औषध बोट्रायटिसवर काहीच करत नाही.

रानाची तयारी पेरणीपासूनच धरा. दाट पेरा झाला असेल तर वेळेत विरळणी करा, ओळींतून वारा खेळला पाहिजे. नत्र हात राखून द्या, लुसलुशीत वाढीवर ही बुरशी लवकर बसते. तुषार सिंचन असेल तर फुलोऱ्यापासून ते बंद करून पाणी मुळाशी द्या, आणि तेही सकाळी, म्हणजे उडालेले थेंब दिवसभरात वाळतात. चाकवत किनोव्याचाच भाऊबंद, तण म्हणून उगवला असेल तर उपटून टाका, त्यावरचा केवडाही पिकावर येतो. मागच्या पिकाचा पालापाचोळा रानात पडू देऊ नका, त्यातल्या काळ्या टणक गाठींच्या रूपात बुरशी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. फेरपालटाला तृणधान्य बरं. टोमॅटो, हरभरा, सूर्यफूल, स्ट्रॉबेरी यांच्यासह दोनशेहून जास्त वनस्पतींवर ही बुरशी जगते, त्यामुळे यांच्या मागोमाग किनोवा घेणं माझ्या मते जोखमीचं.

हवामानावर डोळा ठेवा. तापमान १५ ते २५ अंशांत, धुकं किंवा झिमझिम आणि दुपारपर्यंत न वाळणारं दव असं जुळलं की रोज सकाळी चक्कर मारा. गळून कणसात अडकलेली फुलं, गारांचा मार, किडीने कुरतडलेली जागा आधी बघा, शिरकाव तिथूनच होतो.

औषध आणण्याआधी लेबल क्लेम, म्हणजे ते कोणत्या पिकावर आणि रोगावर मंजूर आहे हे, वाचा. किनोव्याचं नाव अनेक बुरशीनाशकांवर नसतंच, अशा वेळी कृषी अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय डबा उघडू नका. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाला दाद न देणारी बोट्रायटिस जगभर आढळली आहे, तेव्हा एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारू नका. बॅसिलस किंवा ट्रायकोडर्मा ही जैविक औषधं वापरायची तर रोग दिसायच्या आधी. कणीस एकदा करडं पडलं की कुठल्याच फवारणीने पूर्ववत होत नाही, आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची हेही लेबलवरच असतं.

काढणी लांबवू नका, पावसात दाण्याला कणसातच मोड येतात. रोगट कणसं निरोगी ढिगात मिसळू देऊ नका. ताडपत्रीवर पातळ थर पसरून, दिवसातून दोन-तीनदा हलवून दाणा साधारण १२ टक्के ओलाव्यापर्यंत आणा, मगच पोती भरा. पेरणीचं बी बाजूला काढायचं ते रोग न आलेल्या पट्ट्यातलंच.