मॉडरेटर म्हणून फाइल कशी तपासावी: माझी पद्धत

कामाच्या प्रशिक्षणात कोण सक्षम ठरला हे असेसर, म्हणजे मूल्यमापन करणारा, ठरवतो; त्याचे निकाल प्रशिक्षणार्थ्यांच्या फायलींवरून पडताळणं म्हणजे मॉडरेशन. हे काम नव्यानं हाती घेणाऱ्याला मी सगळ्यात आधी वेळेचा रकाना बघायला सांगते. एकदा माझ्यापुढे फोर्कलिफ्ट चालकांची सहा निरीक्षण पत्रकं आली. प्रत्येकावर प्रात्यक्षिकाचा कालावधी ३५ मिनिटं लिहिलेला, आणि सहाही प्रात्यक्षिकं सकाळी ९ ते ११ या वेळात झालेली. असेसर एकच, फोर्कलिफ्टही एकच. ३५ गुणिले ६ म्हणजे २१० मिनिटं, साडेतीन तास. दोन तासांत ते बसत नाहीत. बाकी पत्रकं नीटनेटकी होती. सह्या जागच्या जागी, प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण.

असेसरशी बोलले तेव्हा उलगडा झाला. पहिल्या दोघांचं प्रात्यक्षिक त्यानं पूर्ण पाहिलं होतं. उरलेले चौघे रोज त्याच्यासमोर गाडी चालवणारे, म्हणून त्यांना पाच-दहा मिनिटांत मोकळं केलं. फसवायचा हेतू नव्हता. पण त्या चौघांबद्दल त्याच्याकडे पुरावा नव्हता, नुसती ओळख होती. चौघांचंही मूल्यमापन पुन्हा झालं. तिघे पार पडले. चौथा भरलेली गाडी उतारावरून खाली आणताना माल उताराच्या दिशेला ठेवून सरळ आला. माल चढाच्या बाजूला ठेवून रिव्हर्समध्ये उतरायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आपलं काम नेमकं काय हे मला तिथे कळलं. असेसर प्रशिक्षणार्थ्याला तपासतो, मॉडरेटर असेसरचा निर्णय तपासतो. या निर्णयाला पुरावा आहे का, आणि दुसऱ्या असेसरनं तोच पुरावा पाहिला असता तर निकाल हाच लागला असता का, एवढेच दोन प्रश्न. देशोदेशी या कामाची नावं वेगळी आहेत. दक्षिण आफ्रिकेत 'मॉडरेटर' हाच शब्द रुळला आणि मॉडरेशनसाठी ११५७५९ क्रमांकाचं वेगळं युनिट स्टँडर्ड, म्हणजे त्या एका कामाचे ठरवून दिलेले निकष, तयार झालं. ब्रिटनमध्ये आधी 'इंटर्नल व्हेरिफायर' म्हणत, पुढे 'इंटर्नल क्वालिटी अशुरर' म्हणू लागले. ऑस्ट्रेलियात याच्या जवळच्या कामाला 'व्हॅलिडेशन' म्हणतात. नाव कोणतंही असो, फायलींचा गठ्ठा समोर आल्यावर करायचं काम तेच.

मूल्यमापन होण्याआधी

बहुतेक ठिकाणी मॉडरेटरला शेवटी बोलावतात, निकाल लागून गेल्यावर. तुमच्या हातात असेल तर ही सवय मोडा. प्रश्नपत्रिका, निरीक्षण पत्रक आणि उत्तरसूची वापरात येण्याआधी तुमच्या नजरेखालून गेली पाहिजे. साधनच सदोष असेल तर असेसरनं कितीही प्रामाणिकपणे भरलं तरी निकाल चुकतो, आणि तो एकाचा न चुकता सगळ्या तुकडीचा चुकतो.

लॉकआउट-टॅगआउटचं, म्हणजे मशीनमध्ये हात घालण्याआधी ती बंद करून कुलूप आणि टॅग लावण्याच्या पद्धतीचं, एक पत्रक माझ्याकडे आलं होतं. २० पायऱ्या, प्रत्येकी ५ गुण, उत्तीर्ण व्हायला ७०. मशीन बंद करून कुलूप लावलं, टॅग अडकवला, तरी स्प्रिंगमध्ये, दाबाखालच्या हवेत, हायड्रॉलिक लाइनमध्ये, कपॅसिटरमध्ये ऊर्जा शिल्लक राहू शकते. म्हणून ती ऊर्जा काढून टाकायची, मग सुरू करायचं बटण दाबून मशीन खरंच हलत नाही ना, याची खात्री करायची, आणि त्यानंतरच हात आत घालायचा. त्या पत्रकात ही खात्री म्हणजे वीसातली एक पायरी होती. ती विसरणाऱ्याला ९५ गुण पडले असते. हात गमावायची वेळ आणणारी चूक आणि कागदावर जवळजवळ पैकीच्या पैकी! मी ते पत्रक परत पाठवलं आणि पाच पायऱ्यांपुढे 'अनिवार्य' असं लिहायला लावलं. यातली एक जरी चुकली, तर बाकीचे गुण कितीही असोत, निकाल 'अद्याप सक्षम नाही'. साधन तपासताना पहिला शोध अशा पायऱ्यांचा घ्या.

दुसरं, पद्धत कामाला जुळते का ते बघा. वैद्यकीय शिक्षणातल्या जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये एक चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला. तळाशी 'माहीत आहे', त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे', मग 'करून दाखवतो', आणि टोकाला 'प्रत्यक्ष कामावर करतो'. प्रशिक्षणाच्या उद्दिष्टात 'पंपाचं सील बदलता येईल' असं लिहिलंय आणि मूल्यमापनात दहा बहुपर्यायी प्रश्न आहेत, तर आपण टोकाचा दावा तळाच्या पुराव्यावर करतोय. उलट बाजूही तपासा. वेल्डिंग करणाऱ्याला दोन पानी उत्तर लिहायला लावलं, तर त्याच्या वेल्डिंगऐवजी त्याच्या लेखनाची परीक्षा होते. लिहिणं हा कामाचा भाग नसेल तर तोंडी प्रश्न चालतात, मात्र प्रश्न आणि उत्तर दोन्ही शब्दशः नोंदवलेले हवेत.

कोणत्या फायली उचलायच्या

इथे मी स्वतः चुकले आहे, आणि ती चूक अजून मनातून गेलेली नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी असेसरला म्हणत असे, "कुठल्याही दहा फायली दे." त्यानं सर्वांत चांगल्या दहा दिल्या, कुणीही देईल. मी त्या मन लावून तपासल्या आणि संपूर्ण तुकडीच्या अहवालावर सही केली. पुढे त्याच तुकडीतल्या एका चालकानं लांबलचक खोका उचलला तेव्हा गाडीची मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि माल खाली आला. जवळ कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. मी त्याची फाइल काढून पाहिली. तिसरा प्रश्न क्षमता-पाटीचा होता. पाटीवरची क्षमता ठरावीक भारकेंद्रापुरतीच खरी असते, मालाचा गुरुत्वमध्य जितका पुढे जाईल तितकी उचलायची ताकद कमी होते, हे त्यात विचारलं होतं. उत्तराची जागा कोरी होती आणि शेजारी बरोबरची खूण. ती फाइल माझ्या दहांत नव्हती, पण अहवालावर सही माझी होती.

तेव्हापासून फायली मी निवडते. आधी तुकडीची पूर्ण यादी मागवते आणि यादीवरून क्रमांक सांगते. नमुना १० टक्के, हा आकडा बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. तो काय देतो हे आकडेमोड करून पाहा. १०० फायलींत ५ सदोष आहेत आणि तुम्ही डोळे झाकून १० उचलल्या, तर त्या पाचांतली एकही हाती न लागण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के असते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात शिजलेली असतात. फायलींचं तसं नसतं. वेगळा असेसर, वेगळी शिफ्ट, वेगळं ठिकाण असं प्रत्येकीचं भांडं निराळं.

म्हणून धोका जिथे जास्त तिथून निवडा. नव्या असेसरच्या पहिल्या तुकडीच्या मी सगळ्या फायली बघते. नवं साधन पहिल्यांदा वापरलं असेल तर नेहमीपेक्षा दुप्पट. काठावर पास झालेले आणि काठावर राहिलेले, दोन्ही. दुसऱ्या प्रयत्नात पास झालेले. अनुभवाच्या आधारे प्रमाणपत्र मागणारे, कारण त्यांच्या पुराव्यात जुने कागद फार असतात. रात्रपाळीत झालेलं मूल्यमापन आवर्जून. 'अद्याप सक्षम नाही' असा निकाल मिळालेल्यांपैकी काही तर हवेतच. कुणावर अन्याय झालाय का, हे बघणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नसतं. या सगळ्यावर दोन-तीन फायली चिठ्ठ्या टाकून काढा, म्हणजे तुमची निवड कुणाला आधी ओळखता येणार नाही.

ज्याचं प्रशिक्षण किंवा मूल्यमापन तुम्ही स्वतः केलंय, त्याची फाइल तुमच्याकडे येता कामा नये. मनुष्यबळ कमी आहे ही सबब कितीही खरी असली तरी नाही.

फाइल उघडल्यावर

निकालाचं पान आधी बघू नका. मी त्यावर कोरा कागद ठेवते. पुरावा वाचून माझा निकाल पेन्सिलनं वेगळ्या कागदावर लिहिते, मगच असेसरचा निकाल उघडते. 'सक्षम' हा शब्द आधी डोळ्यांखालून गेला की मन त्याला दुजोरा शोधत बसतं.

पुराव्याला चार प्रश्न विचारा. वैध आहे का, म्हणजे ज्या निकषासाठी जोडलाय त्याच निकषाबद्दल तो काही सांगतो का? अस्सल आहे का, म्हणजे हे याच माणसाचं काम आहे का? चालू काळातला आहे का? पुरेसा आहे का? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला फार वेळ लागत नाही. अस्सलपणावर मात्र रेंगाळा. दोन फायलींत एकच स्पेलिंगची चूक एकाच जागी असेल तर थांबा. लेखी उत्तरातलं अक्षर हजेरीपटावरच्या सहीशी ताडून बघा. फोटोत फक्त तयार जोडणी दिसते की ती करणारा माणूसही दिसतो? सुपरवायझरचं पत्र पाच जणांसाठी शब्दशः तेच असेल, तर ते पाचांपैकी कुणाबद्दलच काही सांगत नाही. 'पुरेसा' हा सगळ्यात अवघड प्रश्न. एकदा करून दाखवणं पुरे की तीनदा, हे निकषात लिहिलेलं नसेल तर असेसरला दोष देऊ नका. तो साधनाचा दोष आहे, तिथे नोंदवा.

असेसरच्या शेऱ्यांवरूनही पुष्कळ कळतं. एका माणसाच्या वीस निकषांपुढे वीस वेळा 'उत्तम' दिसलं की मला मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक आठवतात. सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांचं मूल्यमापन कसं करतात हे पाहून १९२० मध्ये त्यांनी दाखवलं, की एका गुणाबद्दलचं मत बाकीच्या गुणांवरही पसरतं. मानसशास्त्रात याला 'हॅलो इफेक्ट' (halo, म्हणजे तेजोवलय) म्हणतात. वक्तशीर, अदबीनं वागणारा मुलगा असेसरला टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) वापरण्यातही हुशार वाटू लागतो. यावर उपाय साधा आहे. 'उत्तम' ऐवजी जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहा: 'नट समोरासमोरच्या क्रमानं आवळले, शेवटचा फेरा ठरलेल्या टॉर्कवर, क्लिक ऐकू आल्यावर थांबला.' असा एक शेरा वीस 'उत्तम'पेक्षा जास्त सांगतो.

दोन असेसर, एक मोजपट्टी

तुकडी दोन असेसरमध्ये वाटली गेली असेल, तर त्याच फायली दोघांना एकमेकांचा निकाल न दाखवता तपासायला द्या. आणि नुसती सहमतीची टक्केवारी काढून थांबू नका. समजा २० फायलींत दोघांनीही १८ जणांना 'सक्षम' आणि २ जणांना 'अद्याप नाही' म्हटलं. १६ 'सक्षम' दोघांचे सारखे आले, पण एकानं थांबवलेले दोघे दुसऱ्यानं पास केले आणि दुसऱ्यानं थांबवलेले दोघे पहिल्यानं. सहमती ८० टक्के, ऐकायला चांगली. पण इतक्या प्रमाणात 'सक्षम' देत गेलं तर निव्वळ योगायोगानंही ८२ टक्के सहमती यायला हवी. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला 'कप्पा' हा निर्देशांक नेमका हा योगायोग वजा करतो. या उदाहरणात तो सुमारे उणे ०.११ येतो. कोण तयार नाही, या एकाच महत्त्वाच्या प्रश्नावर त्या दोघांचं एकदाही एकमत झालेलं नाही.

असं दिसलं की मी दोघांना एका टेबलापाशी बसवते, मतभेद झालेल्या चारही फायली मध्ये ठेवते आणि दोघांनाही निकषाचं वाक्य मोठ्यानं वाचायला सांगते. बहुतेक वेळा भांडण एका शब्दावर येऊन थांबतं. 'योग्य अंतर राखतो' मधलं 'योग्य' म्हणजे किती? तो आकडा निकषात घातला की पुढच्या तुकडीत वाद उरत नाही.

लिहिणं आणि बोलणं

असेसरचा निकाल पटला नाही तरी तो स्वतः खोडू नका. फाइल कारणांसह परत पाठवा, आणखी पुरावा मागवा किंवा फेरमूल्यमापन सांगा. निकाल असेसरनंच पुन्हा द्यायचा. तुम्ही खोडायला लागलात की तुम्हीच असेसर होता आणि तुमचा निर्णय तपासायला कुणी उरत नाही. प्रशिक्षणार्थ्यानं अपील केलं, तर ते ऐकणारी व्यक्ती त्या फाइलवर आधी सही केलेली नसावी.

अहवालात 'असेसरनं अधिक काळजी घ्यावी' असलं वाक्य लिहू नका, त्यावरून कुणालाच काही करता येत नाही. असं लिहा: 'फाइल ७, प्रश्न ३: उत्तर कोरं, तरी निकष पूर्ण असा शेरा. उमेदवाराला क्षमता-पाटी दाखवून तोंडी विचारावं, उत्तर शब्दशः नोंदवावं, मग निकाल द्यावा. मुदत पाच कामाचे दिवस.' काय चांगलं झालं तेही इतक्याच नेमकेपणानं लिहा. अहवाल पाठवण्याआधी असेसरला फोन करा किंवा समोर बसा. त्याची चूक त्याला मेलमधून, साहेबांना प्रत जोडून कळावी, हे मला कधीच बरं वाटलं नाही. पुढची तुकडीही त्यालाच तपासायची असते, आणि दुखावलेला असेसर अडचण लपवायला शिकतो.

निकाल जाहीर करायची तारीख ठरली आहे, प्रमाणपत्रं छापून आली आहेत, फक्त तुमची सही हवी आहे, असं होणारच. त्या दिवशी तपासून झालेल्या आणि शंका नसलेल्या फायलींपुरतीच सही करा. बाकीचे क्रमांक 'प्रलंबित' म्हणून वेगळे लिहून द्या.

परत पाठवलेल्या प्रत्येक फाइलची नोंद एका वहीत ठेवा: क्रमांक, काय मागितलं, मुदत, परत कधी आली, काय बदललं. पुढच्या तुकडीचा नमुना निवडायला बसाल तेव्हा तीच वही आधी उघडा आणि मागच्या वेळी ज्या निकषावर अडलं होतं, त्याच निकषाच्या फायली पहिल्यांदा मागवा.