अळीला बसायला काच कशी तयार करावी

समुद्री कृमीच्या पोहणाऱ्या अळ्या जिवाणूंचा थर असलेल्या काचेवर जास्त चिकटून बसतात का, हे मी तपासत होते. माझ्या पहिल्या प्रयोगात थर असलेल्या काचेवर एकवीस अळ्या बसल्या आणि कोऱ्या काचेवर तेवीस. दोन दिवस मी अळ्यांनाच नावं ठेवत होते. मग आठवलं, की ‘कोरी’ काचपट्टी मी शुक्रवारपासून सोमवारपर्यंत न गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. कोरी कसली राहते ती! समुद्राच्या पाण्यातल्या काचेवर आधी जिवाणू जमतात आणि मोठे जीव मागून येतात, हे झोबेल आणि अ‍ॅलन या संशोधकांनी १९३५ सालीच मांडलं होतं.

म्हणून सुरुवात कोऱ्या काचेपासून करा. ती निर्जंतुक करा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवा आणि प्रयोगाच्या दिवशीच बाहेर काढा. बाकीच्या पट्ट्या वाहत्या समुद्राच्या पाण्यात उभ्या लावा. काही दोन दिवस ठेवा, काही सात, काही चौदा. बोटाने फक्त कडा धरा.

थर तयार झाला की पट्टी गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात दोनदा हलकेच बुडवून काढा, म्हणजे सुटे जिवाणू निघून जातील. नळाखाली धरू नका, गोड्या पाण्याने थराची वाट लागते. थर सुकूही देऊ नका. मग सूक्ष्मदर्शकाखाली अख्खी पट्टी बघा. त्यावर आधीच एखादा पाहुणा येऊन बसलेला असतो आणि तो तुमच्या आकड्यात घुसतो.

अळ्यांसाठी मी हायड्रॉइडिस एलिगन्स हा नळीत राहणारा कृमी वापरते. २५ अंशांच्या आसपास, पोट भरलेल्या अळ्या साधारण पाचव्या दिवशी बसायला तयार होतात. त्यांना वाटेल तो जिवाणू चालत नाही. स्यूडोअल्टेरोमोनास ल्युटिओव्हायोलेशिया हा मात्र चालतो, आणि त्याची तऱ्हा न्यारी आहे. जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूच्या शेपटीसारख्या, झटक्यात आखडणाऱ्या नळ्या तो शंभरेकांच्या जुडग्याने बनवतो. या नळ्यांमुळे अळीचं रूपांतरण, म्हणजे मोठ्या कृमीत बदलणं, सुरू होतं, हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. मला अजूनही हे वाचताना गंमत वाटते. विषाणूचं हत्यार, बनवणारा जिवाणू आणि त्यावर भरवसा ठेवून घर बांधणारी अळी!

प्रत्येक डिशमध्ये एक पट्टी आणि एकाच खेपेच्या, एकाच वयाच्या वीस-तीस अळ्या सोडा. प्रत्येक प्रकाराच्या निदान पाच डिश हव्यात. सगळ्या डिश अंधारात ठेवा. अळ्या उजेडाकडे ओढल्या जातात आणि खिडकीकडच्या बाजूला गर्दी झाली, तर ती थराची करामत समजून फसाल. पाण्याच्या पृष्ठभागावर चिकटून अडकलेल्या अळ्या मोजणीतून वेगळ्या काढा. पट्टीवरची खूण दुसऱ्या कुणाकडून सांकेतिक अंकात लिहून घ्या. आपल्याला हवं ते उत्तर आपले डोळे फार लवकर शोधतात.

२४ तासांनी मोजा. पिपेटने पाण्याचा हलका फवारा मारा. सुटून गेली ती अळी ‘बसली’ नाही. बसणं आणि रूपांतरण यांचे रकाने वेगळे ठेवा, हे मी प्रवाळावरच्या कामातून शिकले. काही जिवाणूंपासून मिळणारं टेट्राब्रोमोपायरोल हे रसायन अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या अळीचं रूपांतरण घडवतं, पण ती पुष्कळदा कशाला चिकटतच नाही, पाण्यात तरंगतच बदलते. एकच रकाना ठेवला असता, तर तिची नोंद कुठे करायची?

मोजणी झाली की पट्टी फेकू नका. जिवाणूंचा डीएनए रंगवणारं डॅपी हे रसायन घालून जिवाणू मोजा आणि वहीत अळ्यांच्या आकड्याशेजारीच लिहा. शिवाय थर किती दिवसांचा होता, तेही. माझ्या पहिल्या वहीत ते नाही. म्हणून त्यातली सतरा पानं मला आज वापरता येत नाहीत.