घरच्या घरी डिस्टिल्ड वॉटर कसं करायचं

पाणी उकळून गार केलं की झालं डिस्टिल्ड वॉटर, असं खूप जणांना वाटतं आणि मग तेच पाणी बिनधास्त बॅटरीत ओततात. उकळून जंतू मरतात हो, पण क्षार कुठे जाणार? ते भांड्यातच राहतात, उलट पाणी आटत गेलं की उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण वाढतं. आपल्याला हवी असते ती वाफ. वाफ वर जाते, क्षार खालीच राहतात, आणि ती वाफ गार करून गोळा केली की ते खरं डिस्टिल्ड.

सामान फार नाही. स्टीलचं मोठं पातेलं, त्यावर उलटं बसेल असं फुगीर झाकण, उष्णता सहन करणारा काचेचा जड बाऊल, कुकरच्या तळाला ठेवतात तसली जाळी आणि बर्फ. बॅटरीसाठी करणार असाल तर तांब्या-पितळेचं भांडं नकोच.

पातेल्यात जाळी ठेवून पाणी घाला, बाऊल ठेवल्यावर पाणी त्याच्या निम्म्यापर्यंतच यायला हवं, जास्त झालं तर तो डुगडुगतो. आधी बाऊल न ठेवता आणि झाकण न लावता पाच-दहा मिनिटं उकळू द्या, म्हणजे क्लोरीनसारखे उडून जाणारे वायू निघून जातील, नाहीतर ते वाफेबरोबर आपल्या पाण्यात येतात. मग गॅस बारीक करून बाऊल सांडशीने जाळीवर ठेवा आणि झाकण उलटं लावा, मूठ बरोबर बाऊलच्या मध्यावर आली पाहिजे. वाफेचे थेंब झाकणावरून घरंगळत मुठीपाशी येतात आणि तिथून टपटप बाऊलमध्ये पडतात.

आता झाकणाच्या खोलगट भागात बर्फ. पण थांबा, झाकणाला वाफ जायचं भोक आहे का बघा, मुठीचा स्क्रू पण बघा! माझं पहिलं पाणी तिथेच वाया गेलं, वितळलेल्या बर्फाचं पाणी त्या भोकातून गुपचूप बाऊलमध्ये उतरत होतं आणि मी आपली बाऊल लवकर भरला म्हणून खूश. तेव्हापासून बर्फ जाड पिशवीत बांधूनच ठेवते.

बर्फ भराभर वितळतो त्याचं टेन्शन घेऊ नका. १ लिटर पाण्याच्या वाफेचं परत पाणी होताना एवढी उष्णता बाहेर पडते की त्यात ६ किलोहून जास्त बर्फ वितळेल. बर्फ संपला तर गार पाण्याची पिशवी ठेवा आणि गरम झाली की बदला, झाकण वाफेपेक्षा गार राहिलं की काम होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आच. घाई करून गॅस मोठा केला की पाणी खदखदतं आणि साध्या पाण्याचे बारीक शिंतोडे बाऊलमध्ये उडतात, दिसत पण नाहीत, आणि एवढी मेहनत फुकट. पाणी नुसतं हलकं उकळत राहू दे. वेळ लागणारच, कारण २५ अंशाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सातपट उष्णता त्याची पूर्ण वाफ करायला लागते. झाकण कुठेही घट्ट बांधू नका, वाफ कोंडली तर धोका. पहिले दोन-तीन चमचे पाणी जमलं की त्यानेच बाऊल विसळून ते टाकून द्या. पातेल्यात पाव भाग पाणी उरलं की गॅस बंद, कोरडं पडू द्यायचं नाही. सगळं गार झाल्यावर आधी पिशवी उचला, झाकणाचा वरचा भाग पुसा आणि मगच झाकण काढा.

जमलं का ते कसं कळणार? स्वच्छ काचेवर एक थेंब या पाण्याचा आणि शेजारी एक नळाच्या पाण्याचा ठेवून वाळू द्या. नळाच्या थेंबाचं बहुतेक पांढरं कडं राहतं, डिस्टिल्डचा डाग जवळजवळ दिसत नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर आकडा एक अंकी यायला हवा, ३०-४० आला तर शिंतोडे गेलेत, तेच पाणी परत एकदा काढा.

बाटली याच पाण्याने विसळून त्यात भरा आणि झाकण घट्ट लावा, उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्लधर्मी होतं. बॅटरीत खुणेपर्यंतच घाला, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून. इस्त्रीसाठी आधी तिचं मॅन्युअल वाचा, काही कंपन्या नुसतं डिस्टिल्ड नको म्हणतात. जखम धुवायला, कॉन्टॅक्ट लेन्सला किंवा औषधात मिसळायला हे अजिबात वापरू नका, क्षार नाहीत म्हणजे ते निर्जंतुक आहे असं नाही.

पातेल्याच्या तळाला पांढरट थर दिसेल, हेच ते मागे राहिलेले क्षार. थोडं व्हिनेगर घालून तासभर ठेवा, मग घासलं की निघतो.