शेजारच्या फार्मवरचा डुकरांचा रोग आपल्या शेडमध्ये येण्याआधी कसा अडवायचा

शेजारी डुकरे मरू लागली की पहिली भीती वाऱ्याची वाटते. ती काही रोगांबाबत खरी आहे. लाळ्या-खुरकूत झालेले डुक्कर श्वासातून प्रचंड विषाणू सोडते आणि तो वाऱ्यावर काही किलोमीटर जाऊ शकतो. मिझोराममध्ये २०१३ साली आलेला पीआरआरएस (डुकरांमध्ये गर्भपात आणि श्वासाचा त्रास घडवणारा विषाणूजन्य रोग) हाही थंड, दमट हवेत दूर जातो. आफ्रिकन स्वाइन फीव्हर, म्हणजे डुकरांचा जीवघेणा आफ्रिकन ताप, मात्र हवेतून काही मीटरच जातो. भारतात तो २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. दोन फार्मांमधले अंतर त्याला माणसे, टेम्पो, खरकटे आणि सुया पार करून देतात. क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या दुसऱ्या तापाची लस जरूर टोचून घ्या, पण दोन्ही तापांचे विषाणू वेगळे आहेत; त्या लसीने आफ्रिकन ताप थांबत नाही.

सर्वांत मोठा धोका व्यापाऱ्याच्या टेम्पोचा. तो एका फेरीत चार फार्मांवर थांबतो आणि हौद्यात आधीच्या डुकरांची विष्ठा, रक्त, लाळ तशीच असते. म्हणून डुकरे चढवायचा रॅम्प कुंपणाच्या कडेला, शेडपासून दूर बांधा. ड्रायव्हर आत येणार नाही, आपला माणूस हौद्यात चढणार नाही. रॅम्पवर गेलेले डुक्कर, सौदा मोडला तरी, कळपात परत घेऊ नका. टेम्पो गेला की रॅम्प आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवा. मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ओता आणि किमान अर्धा तास राहू द्या. सोडाच पाण्यात टाका. सोड्यावर पाणी ओतले तर ते उकळून अंगावर उडते. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. अॅल्युमिनियमची बादली वापरू नका, सोडा ती खातो.

दारातल्या फूटबाथवर (बूट बुडवायच्या औषधी पाण्यावर) फार भरवसा नको. चिखलाचा बूट दोन सेकंद बुडवल्याने विषाणू मरत नाही आणि मैला मिसळला की औषधाची ताकद जाते. त्यापेक्षा प्रत्येक शेडसाठी वेगळे गमबूट ठेवा, तेही आतच राहणारे. दारात गुडघाभर उंचीचा ओटा बांधा: बाहेरचे बूट ओट्याच्या अलीकडे, आतले पलीकडे. लस टोचणाऱ्यालाही हाच नियम, कारण तोही फार्म ते फार्म फिरतो. सुई दर डुकराला नवी.

हॉटेलचे खरकटे घालत असाल तर ढवळत, पूर्ण उकळीवर किमान ३० मिनिटे शिजवा. मांसाचे मोठे तुकडे आतून कच्चे राहतात, ते आधी बारीक करा. कच्च्या आणि शिजलेल्या खरकट्याच्या बादल्या वेगळ्या ठेवा. इथेच बहुतेकांचे चुकते. गोठवलेल्या मांसात आफ्रिकन तापाचा विषाणू वर्षानुवर्षे टिकतो.

शेजाऱ्याचा नर मादीवर सोडू नका. वीर्यातूनही हे रोग येतात. नवी डुकरे ३० दिवस वेगळी ठेवा, त्यांचे काम दिवसाच्या शेवटी करा.

आफ्रिकन ताप शेडमध्ये सुरुवातीला हळू पसरतो. आधी एखादेच मोठे डुक्कर मरते, मालक अपचन समजतो आणि उरलेली घाईने विकतो. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत ४ ते १९ दिवस जातात, त्यामुळे धडधाकट दिसणारी डुकरेही रोग घेऊन बाजारात जातात. खाणे बंद, ताप ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास, कान किंवा पोट लालसर-निळे दिसले, की विक्री थांबवा आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मेलेले डुक्कर स्वतः कापून पाहू नका. रक्तातच विषाणू सर्वाधिक असतो. नाल्यात तर मुळीच टाकू नका. कुत्री-कावळे पोहोचणार नाहीत असे झाका आणि दवाखान्याच्या सांगण्यानुसार खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

शेजाऱ्यांशी आजच ठरवून ठेवा: ज्याच्याकडे पहिले डुक्कर आजारी पडेल त्याने तासाभरात फोन करायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहायला जायचे नाही.